कुंपणानं खाल्लेली आकारणी

एक कुंपण बरेच दिवस डोक्यातून जात नाहीये. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या हद्दीवर ते उभं होतं. अलीकडे कंपनीची जमीन, पलीकडे शेतकऱ्याची. सॅन होजे, सनीव्हेल ही आज मराठी मंडळींच्या ओळखीची झालेली गावं याच काउंटीतली. त्या कुंपणावरच्या कराचा खटला १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि जगाच्या लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणानं. चौदाव्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे कायद्यापुढे समान वागणुकीचं, संरक्षण या कंपन्यांनाही लागू आहे, त्यावर युक्तिवाद ऐकायची आम्हाला गरज वाटत नाही, असं सरन्यायाधीश वेट सुनावणीआधी तोंडी बोलले. निकालांचे वृत्तांत छापणाऱ्यानं ते बोलणं निकालाच्या माथ्यावर घातलं, आणि ‘कंपनी ही कायद्यापुढची व्यक्ती’ या सगळ्या वादात तेव्हापासून हाच खटला दाखवला जातो. न्यायमूर्ती हार्लन यांचा मूळ निकाल मात्र त्या प्रश्नात शिरतच नाही. तो कुंपणापाशी थांबतो आणि तिथेच संपतो. कराची आकारणी म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर त्या प्रसिद्ध वाक्यापेक्षा कुंपणाचा मजकूरच पुन्हा पुन्हा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

बांधावरची भांडणं ज्यानं पाहिली आहेत त्याला हा वाद फार समजावून सांगावा लागत नाही. बांध कुणाच्या गटात धरायचा, एवढ्यावर दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेनं ठरवलं होतं की, एकापेक्षा जास्त काउंटींतून जाणाऱ्या रेल्वेच्या पाच गोष्टींची आकारणी राज्याचं मंडळ करेल: रेल्वे चालवण्याचा सनदी हक्क, मार्गाची पट्टी, रुळांखालचा भराव, रूळ आणि गाड्या. ती किंमत मग मैलांच्या प्रमाणात काउंटींना वाटली जाईल. बाकीचं सगळं काउंटीच्या आकारणी अधिकाऱ्याकडे. मंडळानं मार्गाच्या पट्टीची किंमत लावताना कुंपणही त्यातच धरलं. त्यामागे कारण होतं. गुरं रुळांवर येऊन मेली तर भरपाईचा बोजा रेल्वेवर येई, त्यामुळे कुंपण घालणं हा रेल्वे चालवण्याचाच भाग होता. पण ते उभं होतं हद्दीवर, आणि त्या पाच शब्दांत त्याचं नाव नव्हतं. न्यायालयानं ते काउंटीच्या वाट्याला दिलं. मग कुंपणाची किंमत वजा करून उरलेल्यावर कर घ्यावा, इतकं सोपं होतं. ते जमेना, कारण मंडळाच्या कागदावर कुंपणाचा आकडा वेगळा नव्हताच, एका बेरजेत मुरून गेला होता. म्हणून सगळी आकारणी रद्द झाली. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते इथे महसुली कागदावर घडलं.

एकत्र मोजलेलं पुन्हा सुटं करता आलं पाहिजे.

आता मुळात एकत्र मोजायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. प्रत्येक गावानं आपल्या हद्दीतले रूळ मोजावेत, पट्टी लावावी, मोकळं व्हावं. त्यासाठी आपला भोरघाट डोळ्यांसमोर आणा. १८६३ साली खुला झालेला कर्जत–लोणावळ्यादरम्यानचा तो चढ. बोगदे, दरीवरचे पूल, कातळ फोडून केलेली वाट, पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवणारी माणसं. बांधकामाचा खर्च धरला तर तिथला मैल साऱ्या मार्गातल्या महागड्या मैलांत निघेल. उत्पन्न धरलं तर घाटाच्या मध्यावर ना तिकीट विकलं जातं, ना माल चढतो. किंमत शून्य. भंगार म्हणून धरलं तर लोखंडाच्या वजनाइतकी. तिन्ही आकडे चुकीचे आहेत, कारण तो मैल एकटा नाहीच. तो आहे म्हणून मुंबईचा माल पुण्याला चढतो, आणि मुंबई-पुणं आहे म्हणून त्या मैलाला अर्थ आहे. घाट काढून घ्या, दोन्ही बाजूच्या रुळांची किंमत कोसळेल. वीजवाहिनीचं, गॅसच्या नळाचं, टेलिफोनच्या तारेचं असंच. ज्याची किंमत जोडलेलं असण्यात आहे त्याचे आधी तुकडे करून मोजले तर ती किंमत कुठल्याच तुकड्यात सापडत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रेल्वे, वीज, गॅसवाहिन्या, टेलिफोन यांची आकारणी राज्याच्या पातळीवर होते, आणि राज्याच्या सीमेत काय आहे एवढंच न पाहता सगळी कंपनी एक एकक म्हणून मोजली जाते. इलिनॉयच्या रेल्वे कंपन्यांनी १८७० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून पाहिलं, तेव्हा न्यायालयानं ही पद्धत आणि मैलांवरची वाटणी मान्य केली. पुढे वेस्टर्न युनियनच्या तारायंत्रांची पाळी आली. सगळ्यात अवघड प्रकरण मात्र १८९७ चं, ओहायोतल्या एक्सप्रेस कंपन्यांचं. रेल्वेला रूळ तरी आहेत, तारायंत्राला तार आहे. पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीकडे ओहायोत होतं काय? घोडे, गाड्या, खोगीर-सामान, तिजोऱ्या, पिशव्या. दुसऱ्यांच्या रेल्वेतून माल जायचा. कंपन्या म्हणाल्या, आमचे घोडे मोजा आणि घोड्यांचा कर घ्या. सरन्यायाधीश फुलर यांच्या निकालानं सांगितलं की रुळांनी जोडलेलं नसलं तरी वापरानं जोडलेलं असतं. बाजारात उभा असलेला घोडा आणि देशभर पसरलेल्या धंद्याला जुंपलेला घोडा यांची किंमत एक नव्हे. हा निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. विरोधातल्या चौघांची भीतीही मला खोटी वाटत नाही. जोडलेपणाला किंमत द्यायची म्हटलं की राज्याबाहेरची मालमत्ता मागच्या दारानं आत येऊ शकते. पुढे इंडियानाच्या १९०४ च्या प्रकरणात नेमकं तेच झालं होतं. एक्सप्रेस कंपनीचे न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले रोखे बेरजेत आले होते, आणि न्यायालयानं ते बाहेर काढायला लावले.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. बऱ्याच राज्यांत १ जानेवारी ही मोजणीची तारीख. त्या दिवशी जे आहे, जसं आहे, तेच त्या वर्षाचं. नंतर कंपन्यांचे अहवाल येतात. मोठ्या रेल्वेंचा ‘आर-१’ हा वार्षिक अहवाल केंद्रीय सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाकडे, वीज कंपन्यांचा ‘फॉर्म १’ केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडे. मूल्यांकन करणाऱ्याचा पहिला तास बेरजा जुळवण्यात जातो, कारण राज्याला दिलेला तक्ता आणि केंद्राला दिलेला तक्ता कधीकधी जुळत नाहीत, आणि गफलत बहुधा त्या फरकातच सापडते. मग तीन वाटांनी किंमत काढतात. पहिली वाट खर्चाची: मूळ खर्च वजा घसारा. दर नियामकानं ठरवलेल्या वीज कंपनीला ही वाट चांगली लागू पडते, कारण नियामक तिला परतावा देतो तोच मुळी या आकड्यावर. विकत घेणारा त्याहून फार जास्त कशाला मोजेल? तरी इथेही काटेरी जागा आहेत. ग्राहकानं स्वतःच्या पैशानं ओढून घेतलेली लाईन कंपनीच्या आकड्यात नसते, पण खांब जमिनीत उभा असतो. बांधकाम अर्धवट असलेलं उपकेंद्र धरायचं की नाही? रेल्वेच्या बाबतीत तर ही वाट बरीच डळमळीत. शंभर वर्षांपूर्वीच्या मातीकामाचा खर्च आज काय सांगणार?

दुसरी वाट उत्पन्नाची. कर भरून, पण व्याज वजा करण्याआधी उरणारं निव्वळ उत्पन्न घ्यायचं आणि भांडवलीकरणाच्या दरानं, म्हणजे पैसा लावणाऱ्याला अपेक्षित असलेल्या वार्षिक परताव्याच्या टक्क्यानं, भागायचं. वर्षाला १०० कोटी उरत असतील आणि दर ८ टक्के धरला तर किंमत १,२५० कोटी. दर ९ टक्के धरला तर १,१११ कोटी. एका टक्क्यानं १३९ कोटींचा फरक पडतो, म्हणून सगळी लढाई या भागाकाराच्या खालच्या आकड्यावर होते. कर्जाचा भाग किती, भागभांडवलाचा किती, रोख्यांवर छापलेला व्याजदर घ्यायचा की बाजारात आज मिळणारा (बाजारातलाच घ्यायला हवा), भागधारकाला किती टक्के अपेक्षित असतील. नेहमीची चूक म्हणजे करानंतरचं उत्पन्न करापूर्वीच्या दरानं भागणं, किंवा भाववाढ धरलेल्या दराखाली भाववाढ न धरलेलं उत्पन्न ठेवणं. आकडे सुबक दिसतात, उत्तर भलतंच येतं. भाड्याच्या इंजिनांकडे तर खास लक्ष द्यावं लागतं. त्यांचं भाडं खर्चात वजा झालेलं असेल तर इंजिनांची किंमत त्या उत्तरात उरलेलीच नसते. ती वेगळी मिळवली नाही तर इंजिन कुणाच्याच खात्यावर येत नाही, आणि मालकाच्याही नावे लागलं तर दोनदा मोजलं जातं. तिसरी वाट भागबाजाराची: सगळ्या समभागांची बाजारकिंमत अधिक सगळं कर्ज, वजा रेल्वेशी संबंध नसलेली मालमत्ता. ही वाट वाचायला सर्वांत सरळ, पण बीएनएसएफ रेल्वे २०१० मध्ये बर्कशायर हॅथवेनं पूर्ण विकत घेतली आणि तिचा समभाग बाजारातून गेला. मग तशाच दुसऱ्या कंपन्यांवरून अंदाज बांधायचा. तीन वाटांची तीन उत्तरं समोर ठेवून एक आकडा निवडावा लागतो. त्याला सूत्र नाही. सरासरी काढणाऱ्याचं मला पटत नाही. कमकुवत वाटेला बळकट वाटेइतकाच मान दिला की चूक अर्धी होते, जात नाही.

खरी कसोटी वाटणीची.

वडिलोपार्जित जमिनीची किंमत ठरवण्यावर भाऊ फार भांडत नाहीत, तुकडे पाडायला बसले की आवाज चढतात. इथेही तसंच. साऱ्या कंपनीची किंमत ठरली की तिच्यातला राज्याचा हिस्सा काढायचा. रुळांचे मैल, डब्यांनी कापलेले मैल, टन-मैल (मालाचं वजन गुणिले अंतर), राज्यात चढलेला-उतरलेला माल, राज्यातली मूळ गुंतवणूक, अशा मापांचं मिश्रण वापरतात. नुसतं एक माप वापरलं की काय होतं ते मिसुरी राज्यानं दाखवून दिलं. नॉरफोक अँड वेस्टर्न ही कोळशाची रेल्वे. १९६४ साली तिनं मिसुरीतून जाणारी वॉबॅश रेल्वे भाडेपट्ट्यानं घेतली. मिसुरीनं नेहमीच्या सूत्रानं, रुळांच्या मैलांवर, गाड्यांचा हिस्सा काढला. मैल सुमारे ८ टक्के भरले, म्हणून गाड्याही ८ टक्के. पण या कंपनीच्या वाघिणी कोळशासाठी घडवलेल्या. त्या व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणींकडे फिरायच्या, मिसुरीत त्यांना काम नव्हतं. मोजणीच्या दिवशी राज्यात गाड्या होत्या ३ टक्क्यांहूनही कमी. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती आकारणी उडवली. सूत्र वाईट म्हणून नव्हे. हेच सूत्र एरवी चाललं असतं. या कंपनीच्या वाघिणी कुठे उभ्या राहतात हे कुणी पाहिलं नाही, एवढीच खोट होती. सूत्र लावण्याआधी यार्डात जाऊन यावं, असं म्हणावंसं वाटतं.

राज्याचा हिस्सा ठरल्यावर तो पुन्हा काउंटी, गाव, शाळा जिल्हा, अग्निशमन जिल्हा (त्या-त्या सेवेसाठी वेगळा कर घेणारी क्षेत्रं) असा झिरपत जातो. इथे कंपनीला प्रत्येक कर-क्षेत्रात मुख्य मार्ग किती मैल, साइडिंग म्हणजे बाजूचे रूळ किती, कुठल्या जागी उपकेंद्र, हे लिहून द्यावं लागतं. वीजघर, उपकेंद्र जिथे आहे तिथेच धरतात. तारा, नळ, रूळ यांची किंमत लांबीवर पसरवतात, आणि नळाच्या बाबतीत लांबीबरोबर व्यासही बघावा लागतो. डांबरी वासाचा, क्रिओसोट पाजलेला खांब शेताच्या कडेला उभा असतो आणि त्याच्या किमतीचा एक कण दूरच्या शाळेच्या वर्गखोलीत पोचतो. मध्ये बरंच काही घसरतं. गावाची हद्द वाढते, पण कंपनीच्या यादीत जुनाच क्षेत्र-क्रमांक राहतो. रूळ वापरातून जातात, तणात दिसेनासे होतात, यादीत मात्र धावत राहतात. आणि स्टेशनची जुनी इमारत उपाहारगृहाला भाड्यानं दिली की ती रेल्वेच्या कामाची राहिली नाही, म्हणजे काउंटीनं मोजायची. राज्यानं वगळली आणि काउंटीनं धरली नाही, असं होतं. दोघांनीही धरली, असंही होतं. पुन्हा तेच कुंपण.

रेल्वे कंपन्यांची बाजूही मला कळते. रूळ उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाहीत, कंपनीला मत नाही, मालक कुठेतरी लांब. अशा करदात्यावर गावाची नजर पडणारच, आणि बऱ्याच ठिकाणी ती दशकानुदशकं पडली. १९७६ च्या केंद्रीय कायद्यानं सांगितलं की बाजारभावाशी करयोग्य मूल्याचं प्रमाण इतर व्यापारी-औद्योगिक मालमत्तेपेक्षा रेल्वेला ५ टक्क्यांहून जास्त चढं लावता येणार नाही. २००७ साली जॉर्जिया राज्याच्या प्रकरणात न्यायालयानं मूल्यांकनाच्या पद्धतीलाही आव्हान देता येईल असं एकमतानं ठरवलं. कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे दोन बाजूंचे दोन तज्ज्ञ दोन जाड अहवाल घेऊन उभे राहतात, आणि तोवर शाळेचा अर्थसंकल्प अडकून पडतो. मोंटानातल्या कोलस्ट्रिपसारख्या गावात तर दुसरंच दुःख. कोळशावरच्या वीजघराचे चारपैकी दोन संच २०२० च्या जानेवारीत बंद झाले. ज्या गावाच्या करपुस्तकात सगळ्यात मोठी ओळ एकाच मालमत्तेची असते, तिथे मूल्यांकनाची चूक सुधारता येते, चिमणी थंड झाली तर काय करणार? कॅलिफोर्नियात आणखी एक विषमता आहे. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ नं घरांच्या करमूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधली, पण एकत्र मोजल्या जाणाऱ्या कंपन्यांना ते संरक्षण नाही असा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निर्णय आहे. शेजारच्या घराची किंमत जवळजवळ गोठलेली असते, त्याच्या दारातल्या खांबाची दरवर्षी नव्यानं लागते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दारानं येतो. राज्यघटनेच्या कलम २८५ मुळे केंद्राची मालमत्ता स्थानिक करातून मुक्त आहे, म्हणून रेल्वे स्टेशनला घरपट्टी नाही. पण स्टेशनबाहेरचा रस्ता, गटार, दिवे, कचरा हे सगळं नगरपालिकेनंच करायचं. त्यावर तोडगा सेवाशुल्काचा: सगळ्या सेवा घेत असाल तर घरपट्टीच्या ७५ टक्के, काही घेत असाल तर ५० टक्के, काहीच घेत नसाल तरी ३३ १/३ टक्के. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली हेच प्रमाण आखून दिलं. सेवा ‘सगळ्या’ की ‘काही’, यावर पत्रव्यवहाराच्या फायली जाड होतात. शिवाय ७५ टक्के कशाचे? त्यासाठी स्टेशनचं करयोग्य मूल्य आधी कुणीतरी काढावं लागतंच, आणि स्टेशन भाड्यानं दिलं तर काय येईल याचं उत्तर बाजारात मिळत नाही.

कंपन्यांच्या बाबतीत आपण विचारतो, ही वस्तू इमारत आहे का? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याखाली २०१० पर्यंत करयोग्य मूल्य म्हणजे वाजवी वार्षिक भाडं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून, आणि यंत्रसामग्रीची किंमत त्यात धरायची नसे. मग इंडियन ऑइलच्या मुंबईतल्या पेट्रोलच्या टाक्यांचं काय? त्या जमिनीला नट-बोल्टनी आवळलेल्या नव्हत्या. तयार केलेल्या पायावर नुसत्या टेकवलेल्या, स्वतःच्या वजनानं बसलेल्या. उच्च न्यायालयाला त्या करपात्र वाटल्या नाहीत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. एवढं धूड जागचं हलत नाही, कायमचं राहण्यासाठीच ठेवलंय, बोल्ट नसला म्हणून काय झालं? २०१६ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात मोबाइल टॉवरही करासाठी ‘इमारत’ ठरला. गच्चीवरचा लोखंडी सांगाडा, शेजारची छोटी केबिन, डिझेलचा जनरेटर. दोन्ही निकाल मला पटतात. तरीही वाटत राहतं की आपण बोल्ट मोजतोय, जोडलेपण मोजत नाही. एकटा टॉवर म्हणजे गच्चीवरचं लोखंड आणि थोडं भाडं. शेजारच्या टॉवरांशी बोलतो तेव्हाच तो टॉवर, आणि ती किंमत कुठल्याच ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत येत नाही.

अमेरिकेच्या रेल्वेंच्या ‘आर-१’ अहवालात ३३० क्रमांकाचा एक तक्ता असतो, मार्ग आणि गाड्यांच्या मालमत्तेचा. रकाने साधे: वर्षारंभीची शिल्लक, वर्षातली भर, वर्षात काढून टाकलेलं, वर्षअखेरची शिल्लक. ओळींना खात्यांचे क्रमांक. ३ नंबरला मातीकाम, ८ ला स्लीपर, ९ ला रूळ, ११ ला खडी, १६ ला स्टेशन आणि कचेऱ्यांच्या इमारती. खडी आणि स्टेशनच्या मध्ये, १३ नंबरच्या ओळीत, कुंपणं आहेत. अजूनही एकटी नाहीत. त्याच ओळीत रुळांवर बर्फ कोसळू नये म्हणून घातलेली छपरं आहेत आणि मार्गावरच्या पाट्या आहेत. पण ओळ आहे, आणि तिच्यासमोर आकडा आहे.